लेकीने ‘काळा दगड’ लिहिलं होतं

गेल्या सप्टेंबरात लेकीला शाळेतून प्रोजेक्ट मिळाला. ‘आपलं राज्य : इतिहास आणि नैसर्गिक साधनसंपत्ती’, चार्ट पेपरवर करायचा आणि सोमवारी द्यायचा. चौथीत आहे ती. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे यासाठी छापील चित्रांचे चार्ट मिळतात, एकावर किल्ले, एकावर थोर व्यक्ती, एकावर खनिजं, ते आणायचे, कापायचे, फेविकॉलने चिकटवायचे आणि खाली स्केचपेनने नावं लिहायची. आम्हीही तेच केलं. डावीकडे रायगड, अजिंठा, गेटवे. उजवीकडे कोळसा, मँगनीज, बॉक्साइट, लोहखनिज. खाली थोडी जागा उरली होती तर तिथे तिने मला न विचारता आमच्या खिडकीतून दिसतो तो डोंगर काढला, अर्धा कापलेला, करड्या रंगाचा, आणि त्याखाली लिहिलं, काळा दगड.

चार्ट परत आला तेव्हा त्या डोंगरावर लाल पेनाची फुली होती. एक मार्क गेला. दगड सगळीकडेच असतो, संपत्ती म्हणजे पुस्तकात जी नावं दिलीयेत ती लिहायची, असं वर्गात सांगितलं म्हणे. मॅमचा मला राग आला नाही, पन्नासेक मुलांचे चार्ट एका संध्याकाळी तपासायचे तर उत्तरं छापील असलेली बरी पडतात हे मला कळतं. पण रात्री झोपताना लेक म्हणाली, "आई, मग ते डंपर भरून भरून काय नेतात?"

आम्ही वाघोलीत राहतो. बिल्डिंगच्या मागे काही अंतरावर दगडाच्या खाणी आहेत, क्रशर आहेत. दुपारी सुरुंग उडाला की काचा थरथरतात, आणि गॅलरीतल्या तुळशीवर सकाळी पुसलेली धूळ संध्याकाळपर्यंत परत बसते. पुण्यात गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे काही उभं राहिलंय, रस्ते, पूल, टॉवर, त्याची केवढी तरी खडी या भागातून गेलीये. नदीची वाळू मिळेनाशी झाल्यापासून तर क्रश सँडपण इथूनच जाते. म्हणजे पोरीने खिडकीतून जे रोज बघितलं, की लोक हे खणतात, विकतात, याच्यावर घरं बांधतात, याच्यावर शेकडो घरांची चूल पेटते, ते तिने संपत्ती म्हणून लिहिलं. आणि ते चूक ठरलं. मला ती फुली फार दिवस सलत राहिली.

मला वाटतं आपण मुलांना आपलं राज्य शिकवताना इथेच कुठेतरी चुकतो. इतिहासाचा तास वेगळा, भूगोलाचा वेगळा, साधनसंपत्ती म्हणजे नकाशावरचे टिपके, काळा टिपका कोळसा आणि तांबडा टिपका बॉक्साइट, आणि ते सगळे टिपके आपल्या घरापासून लांब कुठेतरी. पण महाराष्ट्रात हे दोन तास वेगळे करताच येत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे, कारण आपला बहुतेक सगळा इतिहास एकाच दगडात खोदलाय, एकाच दगडावर बांधलाय आणि त्याच दगडात पाणी मिळेना म्हणून घडलाय. तिला फुली मिळाली तेव्हाच मी ठरवलं की आता आपणच शिकवायचं, आणि तिने जिथून सुरुवात केली तिथूनच.

सुरुवात डायनासोरपासून केली कारण ते तिला आवडतात. तिला सांगितलं की डायनासोर संपले त्याच सुमाराला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी, आपल्या इथे जमिनीला भेगा पडल्या आणि त्यातून लाव्हा बाहेर आला. चित्रात असतो तसा टोकदार डोंगर फुटून नाही, लांबच लांब भेगांमधून, दूध उतू जातं तसा पसरत गेला. एक थर आला, निवला, मधे काही काळ गेला, त्यावर माती झाली, झाडं उगवली, मग परत दुसरा थर. असे कितीतरी. आज महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग याच दगडाखाली आहे, आणि कोयनेला भूकंपाच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी खोल भोक पाडलं तेव्हा ९०० मीटरच्याही खाली जाईपर्यंत हाच दगड लागत होता, मग कुठे ग्रॅनाइट आला. याला डेक्कन ट्रॅप म्हणतात, आणि त्यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीच्या शब्दावरून आलाय, कारण आपले डोंगर लांबून पाहिले की पायऱ्या पायऱ्या दिसतात. "मग डायनासोर आपल्याकडे होते?" होते की. चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुरा म्हणून गाव आहे, तिथे डायनासोरची हाडं सापडलीत आणि त्यांच्या शेणाचे दगड झालेलेसुद्धा सापडलेत. हे ऐकल्यावर ती अर्धा तास झोपली नाही.

दुसऱ्या दिवशी मी तिला मोबाईलवर एका खनिजाचे फोटो दाखवले. कॅव्हन्साइट. इतका निळा रंग की आधी तिला तो खोटा वाटला, निळी फुलं दगडावर चिकटवल्यासारखी. लाव्हा निवताना त्यात वाफेचे बुडबुडे अडकतात, पोकळ्या राहतात, आणि पुढे लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहतं आणि आत स्फटिक तयार होतात. हे निळं खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगॉनमधे सापडलं, पण त्याचे सगळ्यात सुंदर नमुने जगात जिथून जातात, मोठमोठ्या म्युझियममधे ज्या गावाचं नाव लिहिलेलं असतं, ते गाव आहे वाघोली. आपली वाघोली. आपल्या मागच्या खाणी. तिने विचारलं, "आपल्या वाघोलीचं?" आणि मग तो फोटो घेऊन बाबाकडे पळाली, मग शेजारी. मुलांच्या तोंडून हे ‘आपलं’ यायला हवं असेल तर ती वस्तू त्यांच्या खिडकीतून दिसणारी हवी. मँगनीजबद्दल तिने ‘आपलं’ असं कधी म्हटलं नाही, आणि का म्हणावं, तिने ते बघितलंच नाहीये.

दिवाळीत माहेरी गेलो. माझं माहेर जुन्नर तालुक्यातलं, कुकडीच्या पट्ट्यातलं. आमच्या शेजारच्या मळ्यात नवीन विहिरीचं काम चाललं होतं, यारी लावलेली, सुरुंग झालेले, आणि खालून दगड वर येत होता. दादा लेकीला घेऊन गेला आणि काठापासून लांब उभं करून समोरची कापलेली बाजू दाखवली. मी लहानपणापासून विहिरी पाहत आलेय पण त्या दिवशी तिच्यामुळे पहिल्यांदा नीट बघितलं. वर हातभर काळी माती. त्याखाली मुरूम, पिवळसर, कुदळीने निघणारा. मग मांजऱ्या, भोकाभोकाचा, ज्यातून पाणी येतं. मग एक बारीकशी तांबडी रेघ, विटेच्या रंगाची. आणि तिच्याखाली काळा पाषाण, कडक, जिथे सुरुंगाशिवाय गत्यंतर नाही. दादा म्हणाला, "ही तांबडी रेघ दिसते ना, ती जुनी जमीन. दोन लाव्ह्यांच्या मधे जी माती झाली ती वरच्या लाव्ह्याने भाजली." दादा बारावीनंतर शेतीत आला, भूगर्भशास्त्र शिकलेला नाही, पण भूजलवाले आले होते तेव्हा त्याने त्यांच्याकडून हे विचारून घेतलं होतं. सहा कोटी वर्षांपूर्वीची जमीन, आणि दादा भाचीला ती बोटाने दाखवून सांगतोय, बघ, तेव्हापण इथे माती होती.

बाहेर काढलेल्या डबरात तिला गारगोट्या सापडल्या. एका दगडाच्या पोकळीत पांढरे सुईसारखे स्फटिक होते, उन्हात चमकणारे. गावाकडे सगळ्यालाच गारगोटी म्हणतात, त्यातले बरेच खरं तर झिओलाइट असतात, म्हणजे लाव्ह्याच्या पोकळ्यांत तयार झालेली खनिजं. तो दगड तिने ओढणीत गुंडाळून घरी आणला, माझ्या ओढणीत.

अण्णा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर बसले होते. तिने त्यांना दगड दाखवला आणि फुलीची गोष्टपण सांगितली, की दगड लिहिला म्हणून एक मार्क गेला. अण्णांनी तो दगड बराच वेळ हातात फिरवला. मग म्हणाले, "बहात्तरला ह्या दगडानीच खायला घातलं, पोरी." बहात्तरचा दुष्काळ आमच्या घरात नेहमी बोलला जातो पण इतकं सविस्तर मीही ऐकलं नव्हतं. अण्णा तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचे. विहिरी आटल्या, जनावरं गेली. सरकारने दुष्काळी कामं काढली, रस्ते, पाझर तलाव, आणि गावंच्या गावं खडी फोडायला बसली. आजी आणि अण्णा, दोघं माय-लेक, दिवसभर हातोड्याने दगड फोडायचे आणि संध्याकाळी त्याचं माप व्हायचं. मजुरी मिळायची आणि सुकडी मिळायची. बाहेरून आलेला मिलो खायचे लोक, लाल जोंधळा, तो घशाखाली उतरायचा नाही. त्याच दुष्काळी कामांतून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली महाराष्ट्राने तिचा कायदा केला, मागेल त्याला काम देणारा, आणि देशाची रोजगार हमी त्यानंतर जवळजवळ तीस वर्षांनी आली. आता सांगा, हा इतिहास की भूगोल? अण्णांच्या डाव्या अंगठ्याच्या नखात अजून एक काळा डाग आहे, हातोडा बसलेला, तो तिने निरखून पाहिला. शाळेच्या पुस्तकात दुष्काळ एका ओळीत असतो. तिने तो त्या नखात बघितला.

मग अण्णांनीच तिला समजावलं की पाऊस एवढा पडूनही आपल्याकडे फेब्रुवारी-मार्चला बोंब का होते. हा दगड पाणी पीत नाही. वाळूसारखा नाहीये तो. भेगा असतील, मांजऱ्या असेल तिथेच काय ते पाणी धरून ठेवतो, बाकी सगळं ओढ्याने नदीला. म्हणून पाणाड्याला बोलवायचं, म्हणून एकाची विहीर भरलेली आणि बांधापलीकडची कोरडी. आणि हाच दगड उन्हापावसात झिजून काळी माती होते, जिला आपण काळी आई म्हणतो, जी ओल धरते आणि ज्वारी-कापूस पिकवते. एकाच घरातले दोन स्वभाव म्हणाले अण्णा.

दुसऱ्या दिवशी बोरीला गेलो. बोरी बुद्रुक, कुकडीच्या काठावर, आमच्यापासून लांब नाही, आणि तरी मी शाळेत असताना एकाही सरांनी आम्हाला तिथे नेलं नव्हतं. तिथे नदीच्या काठाच्या मातीत ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे, पांढुरका, बोटाने चोळला तर पिठासारखा. ही राख इथल्या लाव्ह्याची नाही. ही इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची राख मानली जाते, वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून आलेली. तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारंही सापडलीत. राखेचं वय नेमकं किती यावर अभ्यासकांमधे वाद आहेत, हेही मी तिला सांगितलं, कारण मोठ्यांनापण सगळं ठरलेलं नसतं हे मुलांना कळलेलं बरं. ती राख बोटावर घेऊन ती उभी होती आणि विचारत होती की मग तेव्हा इथे जो माणूस होता त्याला आकाशातून हे पडताना दिसलं का गं? मला उत्तर देता आलं नाही. पण असा प्रश्न चार्ट पेपर चिकटवताना तिला सुचला नव्हता एवढं नक्की.

येताना तिला काळी आणि पांढरीचं सांगितलं. आपल्याकडे जुनी माणसं शेताला काळी म्हणतात आणि गावठाणाला पांढरी, कारण जिथे पिढ्यानपिढ्या माणसं राहिली, चुली पेटल्या, राख पडली, भिंती ढासळल्या, तिथली माती पांढुरकी होते. पांढरीचं टेकाड दिसलं की पुरातत्त्ववाले थांबतात. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ पासून बरीच वर्षं अशा टेकाडांचं उत्खनन केलं आणि तीन हजार वर्षांहून जुनं अख्खं खेडं सापडलं, घरं, चुली, धान्य साठवायच्या जागा, जव पिकवणारे लोक, आणि नदीचं पाणी वळवून आणणारा पाटसुद्धा. लहान मूल गेलं तर त्याला मडक्यात ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरायचे. हे सांगू की नको असं मला वाटलं होतं. सांगितलं. ती गप्प झाली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "आईला लांब ठेवायचं नसेल."

नाणेघाट मात्र ठरवून एका पूर्ण दिवसासाठी ठेवला होता. जुन्नरहून घाटघरमार्गे गेलं की गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. तिथे तो मोठा दगडी रांजण आहे, जकातीची नाणी यात टाकत असं सांगतात. मग डोंगर फोडून केलेली अरुंद खिंड, आणि थोडं खाली उतरलं की सातवाहनांची लेणी. कोकणातल्या बंदरांवरून, सोपारा-कल्याणकडून माल यायचा, या घाटाने वर चढायचा, जुन्नरला आणि पुढे पैठणला. दोन हजार वर्षांपूर्वीचा हायवेच. आणि त्या लेण्याच्या भिंतीवर नागनिका राणीचा शिलालेख, ब्राह्मी लिपीतला, भाषा प्राकृत. राणीने आणि राजाने केलेले यज्ञ, दिलेली दानं, गाई, घोडे, हत्ती, नाणी, सगळं आकड्यांसकट कोरलंय. मराठीला २०२४ च्या ऑक्टोबरमधे अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यासाठी जे पुरावे मांडले गेले त्यात याच लेखातला ‘महारठिनो’ हा शब्द होता. लेकीला हे सगळं एका दमात सांगून उपयोग नव्हता. तिला मी फक्त एवढंच सांगितलं की यात आकडे आहेत, एक म्हणजे एक आडवी रेघ आणि दोन म्हणजे दोन आडव्या रेघा, शोध. दगड झिजलाय, अक्षरं पुसट झालीत, काही ठिकाणी लोकांनी स्वतःची नावं कोरून घाण केलीये. ती नाक भिंतीला टेकेल इतक्या जवळून शोधत राहिली. सापडलं की नाही मला खात्रीने सांगता येणार नाही, पण एका जागी बोट ठेवून "हे दोन" म्हणाली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांचे पुतळे होते, ते गेले, पण वर कोरलेली नावं राहिली. बराच वेळ ती त्या रिकाम्या जागांसमोर उभी होती.

बाहेर आलो आणि कड्यावरून खाली कोकण दिसलं, आणि समोरच्या डोंगरांच्या भिंतीत त्या पायऱ्या. मी मोजायला सांगितलं नव्हतं. तिने मोजायला सुरुवात केली.

शिवनेरी तिने आधी दोनदा पाहिला होता, जन्मस्थान, पाळणा, फोटो, खाली उतरून उसाचा रस. या वेळी आम्ही फक्त पाणी बघायला गेलो. गंगा-जमुना टाकी, खडकात खोदलेली, बारमाही पाणी असलेली, थंडगार. तिला विचारलं, एवढ्या उंचावर पाणी कुठून आलं, विहिरीत तर खालून आलं होतं ना. तिने विहिरीतला मांजऱ्या आठवून सांगितलं, "भेगेतून." बरोबर होतं. आणि टाकं खोदताना जो दगड निघतो तोच वर तटाला, वाड्याला लागतो, म्हणजे एकाच कामात पाणी आणि भिंत दोन्ही. रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात लिहून ठेवलंय की गड बांधायचा तर आधी पाणी पाहावं, आणि नसेल तर खडक फोडून टाकी तळी करावीत. त्याच आज्ञापत्रात आरमारासाठी लाकूड लागतं म्हणून रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये असंही आहे, कारण ती झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, लोकांनी ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, आणि तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहणार नाही. मला हे वाचताना दरवेळी भरून येतं. चौथीच्या पोराला लढाया, तारखा, कोण कुणाला कसं भेटलं हे पाठ असतं आणि असावंही, मलाही अजून पाठ आहे. पण २०२५ साली आपले ११ आणि तमिळनाडूतला जिंजी असे १२ किल्ले जागतिक वारशात गेले तेव्हा व्हॉट्सॲपवर जो जल्लोष झाला त्यात पाण्याच्या टाक्याचा एकही फोटो मला आला नाही. टाकं नसतं तर गड एक उन्हाळा टिकला नसता.

इथपर्यंत सगळं छान होतं. पण साधनसंपत्ती शिकवायची तर ती कुणाची आणि कुणाला मिळाली हेही सांगावं लागतं, आणि ते मुलांना सांगायला मन धजत नाही. मागच्या वर्षी त्यांची पिकनिक मुळशीला गेली होती. बॅकवॉटर, बोटिंग, सँडविच. तलावाखाली काय आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. टाटांचं धरण, वीज मुंबईसाठी, गिरण्यांसाठी, आणि त्यासाठी मावळ्यांची भातखाचरं आणि गावं पाण्याखाली जाणार होती. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट पुढे होते, बायकाही होत्या, लोक तुरुंगात गेले. धरण झालंच. तलावाचं पाणी अजूनही डोंगराच्या पोटातून खाली कोकणात भिऱ्याच्या वीजकेंद्रात जातं, आणि तिथून सुटलेल्या पाण्यावर कुंडलिकेत लोक राफ्टिंग करतात. लेक म्हणाली, "मग ते हरले?" मी हो म्हटलं. खोटं सांगणं मला जमलं नाही. पण मग मी तिला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाचंपण सांगितलं, जिथे लोक म्हणाले, दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, आणि २००९ साली त्यांना त्यांच्या जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तिथला बांबू ग्रामसभा विकते. त्या गावाचं नाव तिने वहीत लिहून घेतलं.

कोळसाही मग जवळ आला. लाईट गेली होती एकदा, तेव्हा तिला म्हटलं की तुझ्या चार्टवरचा तो काळा टिपका, चंद्रपूर, तिथे खाणीजवळच औष्णिक वीजकेंद्र आहे, २,९२० मेगावॅटचं, तिथली वीज राज्यभर जाते आणि तिथल्या लोकांच्या वाट्याला राख आणि उन्हाळा येतो. आपल्या तुळशीवर जशी धूळ बसते तशी त्यांच्या तुळशीवरही बसत असणार. याच्यापुढे तिला काही समजवावं लागलं नाही.

आणि हे राज्य कायम असंच एक होतं असं मुलांना वाटतं, नकाशाची बाहेरची रेघ देवाने काढल्यासारखी. आमच्या मजल्यावर नांदेडचं कुटुंब आहे, त्यांच्याकडचे आजोबा १७ सप्टेंबरला सकाळी आंघोळ करून पांढरे कपडे घालतात. त्यांनीच तिला सांगितलं की देश ४७ ला स्वतंत्र झाला पण मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाकडे होता. विदर्भ मध्य प्रांतात, आपण मुंबई राज्यात. मराठी बोलणारे तीन घरांत वाटलेले. मग संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाले, फ्लोरा फाउंटनला रक्त सांडलं, शंभरावर माणसं गेली तेव्हा १ मे १९६० ला ही रेघ काढली गेली. आजोबा बोलता बोलता थांबले आणि तिला म्हणाले, "बाळा, नकाशा हळू रंगव." ती तेव्हा खरंच खडूने नकाशा रंगवत होती.

डिसेंबरात एका रविवारी केसनंद फाट्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला पाटे-वरवंटे, खलबत्ते, जाती मांडून एक बाई बसल्या होत्या. मला खलबत्ता हवाच होता. त्या पाट्याला टाकी लावत होत्या, टक टक टक, एकसारख्या अंतरावर बारीक खड्डे. लेकीला टाकी म्हणजे पाण्याची टाकी एवढंच माहीत, तर त्यांनी छन्नी हातात देऊन सांगितलं की ही टाकी, हिने जे खोदतात ते टाकं. शिवनेरीवरचं टाकं तिला लगेच आठवलं. "मावशी, तुम्हाला कसं कळतं कुठला दगड चांगला?" मावशी म्हणाल्या, "वाजवून बघायचं." त्यांनी एका खलबत्त्यावर छन्नीचा दांडा मारला, ठण्ण आवाज आला, घंटेसारखा. मग छन्नी तिच्याकडे दिली.

ती खाली बसली आणि ओळीने एकेक खलबत्ता वाजवत गेली, मान तिरकी करून, प्रत्येकाला कान लावून. सहाव्याला थांबली. परत वाजवला.

"मावशी, हा बद्द वाजतोय."

मावशींनी तो उचलला, स्वतः वाजवला, उलटा करून तळाला अंगठा फिरवला. "व्हय गं, चीर हाय ह्याला," म्हणाल्या, आणि तो बाजूला काढून ठेवला.